मूळ किल्ली

आडेलिनुचं दुकान म्हणजे पोर्तूत, बॉन्फिमच्या उतारावर,
जेमतेम एक माणूस मावेल एवढी खोबण.
भिंतभर कोऱ्या किल्ल्या, अजून दात न आलेल्या,
आणि यंत्राखाली पितळेचा भुसा.
तो रोज संध्याकाळी ब्रशने गोळा करतो,
कॉफीच्या डब्यात भरून ठेवतो.
कशासाठी, ते विचारायचं नाही.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न: मूळ आहे का?
नकलेवरून नकल तो काढत नाही.
"केसाएवढी चूक दर वेळी होते, बाई.
पहिलीत कळत नाही. पाचवीत कुलूप कुरकुरतं.
सातवी तुम्हाला पावसात उभं करते."

मी त्याची मुलगी. टेकडीमागच्या प्रयोगशाळेत
दिवसभर त्याचाच धंदा बघते,
फक्त तिथे भुसा पडत नाही.
पेशीला दोन व्हायचं असतं. त्याआधी
आईकडची, बापाकडची मिळून सहाशे कोटी अक्षरं
एका पाळीत उतरवायची,
माशीला माशी.
उतरवणारा मागे वळून वाचतो, खोडतो, पुन्हा लिहितो.
त्याच्यामागून दुसरे येतात, दिवा घेऊन.
इतकं करून एखादं अक्षर निसटतंच.
बहुतेकदा अडगळीत, जिथे कुणी वाचायला जात नाही.
क्वचित, नको त्या ओळीत, ध चा मा.

आणि पुढची नकल त्या नकलेवरून.
तू असतास तर काढलीच नसतीस.
मूळ मागायचं कुणाकडे?
मूळ होतं एकदाच, सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी,
आजीच्या पोटात, टिंबाएवढं,
आणि दुसऱ्या दिवशीच त्याचे दोन झाले होते.

रविवारी सूप पिताना त्याने विचारलं,
"मग म्हातारपण म्हणजे हेच?"
चमचा ओठांपर्यंत जाताना थोडा सांडला.
मी म्हटलं, कदाचित. काही अंशी. भांडण चालू आहे.
उंदरांच्या पेशींतल्या छोट्या भट्ट्यांमधला
वाचणारा बिघडवला, तर ते अकाली पिकले,
पाठीत वाकले.
पण अशी माणसंही सापडली,
ज्यांच्या पेशींत चुकांचा नुसता सडा,
आणि चेहऱ्यावर वय आपल्या वेळेलाच आलेलं.
"म्हणजे तुलाही माहीत नाही," तो म्हणाला,
आणि समाधानाने पाव मोडला.

मंगळवारी एर्मेलिंदाबाई आल्या.
नवरा गेल्यावर कपाटात मेणकागदात गुंडाळलेली
घराची मूळ किल्ली सापडली होती,
एकदाही न वापरलेली, धारदार.
आडेलिनु खूश. दोन चष्मे लावून
त्याने तिच्यावरून सुरेख नकल कापली,
आणि हौसेने स्वतः गेला, एकसष्ट पायऱ्या चढून.

नकल फिरेना.
मूळ घातली. तीही फिरेना.
बाईंनी पाकिटातून आपली रोजची काढली,
कुणाची नकल ते आठवत नाही, दात झिजून लाटांसारखे,
आणि दार उघडलं, न कुरकुरता.

तो गुडघ्यावर बसला, विजेरीने कुलपात डोकावला.
बराच वेळ उठला नाही. मला वाटलं, पाय धरला.
मग आतूनच हसल्यासारखा आवाज.
"पन्नास वर्षं एकमेकांना घासतायत दोघं.
आता हिला तो ओळखतो. ही कोरी कोण, कुठली?"

मी काही बोलले नाही.
माझ्या आलेखांत कुलपासाठी रकाना नाही.

दुकानात परतून त्याने
आयुष्यात पहिल्यांदा नकलेवरून नकल काढली.
कानशीने दोन ठिकाणी हात फिरवला,
उजेडात धरली, पुन्हा फिरवला.
केसाएवढी चूक राहिलीच असणार,
हात आता तेवढे कापतात.

बाईंनी नाणी मोजून दिली, वीस सेंट कमी.
त्याने मोजली नाहीत.
ब्रश उचलला, आणि भुसा गोळा करायला लागला.